अमुक नावाचा मित्र

धाकटीचं लग्न ठरून मोडलं आणि सहा महिन्यांनी त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. पहिल्या वेळच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. त्या फुकट गेल्या असं घरातल्यांना वाटलं, पण त्यांच्या कोऱ्या पाठींवर पाणीवाल्यांनी सगळी बाराखडी गिरवून काढली. त्यामुळे मोडलेल्या लग्नाचा खर्च अगदीच वाया गेला असं म्हणता येणार नाही.

पाणीवाले म्हणजे धाकटीचे वडील. सगळी नोकरी नळपाणी खात्यात झाली. ठरलेल्या वेळी टाकीच्या व्हॉल्व्हची चाकं फिरवायची आणि गल्लीगल्लीला पाणी सोडायचं, एवढंच काम. त्याला अक्षर लागत नव्हतं, दंडात जोर लागायचा. नोकरी संपली आणि ते घरी बसले, तेव्हा खरी अडचण सुरू झाली. सकाळचा पेपर त्यांना बायको वाचून दाखवायची आणि तिला न आवडलेल्या बातम्या गाळायची. निवडणुकीत कोण पडलं हे त्यांना चार दिवसांनी न्हाव्याकडे कळलं, कारण पडलेला माणूस बायकोच्या माहेरचा होता.

"तू बातम्या गाळतेस," ते म्हणाले.

"मग स्वतः वाचा की," बायको म्हणाली. "सून मास्तरीण आहे. जगाची पोरं शिकवते, एका सासऱ्यानं काय होतंय."

सून त्याच गल्लीच्या टोकाच्या शाळेत चौथीला शिकवायची. तिनं आधी नाही म्हणून पाहिलं. मामंजींना घरी शिकवीन म्हणाली. पण घरी शिकवायला बसलं की सासरे सुनेला चहा टाकायला सांगायचे आणि धडा तिथंच संपायचा. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, बसू द्या मागच्या बाकावर, नाव पटावर घालू नका म्हणजे झालं. तसे पाणीवाले शाळेत जाऊ लागले. गुडघे बाकात मावेनात म्हणून पाय बाहेर काढून बसायचे, आणि त्या पायांना अडखळून रोज कुणीतरी पडायचं.

खरा गोंधळ हाक मारण्याचा होता. घरी ती 'सूनबाई', शाळेत नुसती 'बाई'. त्यांना ते लवकर जमलं. तिला मात्र जमेना. बाकीच्या मुलांना अरे-तुरे करणारी बाई सासऱ्याला काय म्हणणार? मामंजी म्हणावं तर वर्ग हसणार. म्हणून तिनं त्यांना हाक मारणंच सोडून दिलं. ते शेजारच्याशी बोलायला लागले की ती फळ्याकडे बघून म्हणायची, "मागच्या बाकावर कुणाचं तोंड चाललंय?" मग पाणीवाले तोंड मिटायचे. घरी तोंड मिटायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे बायकोला ही शाळा फार पसंत पडली.

सुनेची लिहायला शिकवण्याची पद्धत नमुन्याची होती. ती फळ्यावर नमुना निबंध लिहायची. मुलांनी तो उतरवायचा, घरी पाठ करायचा, दुसऱ्या दिवशी न बघता लिहायचा. तिलाही तिच्या बाईंनी असंच शिकवलं होतं. शुद्धलेखन सुधारायचं, मार्क पडायचे, आईबाप खूश. एकदा 'मी पाहिलेली आग' हा निबंध झाला. त्यात सगळ्या वर्गानं एकच आग पाहिली, त्याच दुकानाला लागलेली, आणि त्याच म्हातारीला शिडीवरून खाली उतरवलेलं. एका मुलाचे वडील काळजीनं विचारायला आले की एवढी मोठी आग लागली कुठं आणि मला कशी नाही दिसली. त्या आगीला पाणी कुठून आणलं हे निबंधात नाही, एवढी एकच तक्रार पाणीवाल्यांनी केली होती.

पण सून चुकत होती असं त्यांना कधी वाटलं नाही. उलट त्यांचं सगळं लिहिणं त्या नमुन्यांवरच उभं होतं. स्वतःचं वाक्य काढायला गेलं की पेन अडायचं, नमुन्यातलं वाक्य आठवलं की सुटायचं.

त्या वर्षी एक टांगती गोष्ट होती. सून सहा वर्षं हंगामी होती. मोठी सुट्टी लागली की कमी करायचे, शाळा उघडली की पुन्हा घ्यायचे. कमी केल्याचा कागद घेऊन ती दरवेळी घरी यायची, तो कपाटात ठेवायची आणि त्या दिवशी भांडी जरा जोरात घासायची. आता तपासणीचे साहेब येणार होते. मुलांना लिहिता येतं असा त्यांचा शेरा मिळाला तर ती कायम होणार होती. नाही मिळाला तर त्या जागेवर दुसरी बाई ठरलेलीच होती. संस्थेच्या चिटणीसांची भाची.

तपासणीच्या आदल्या दिवशी तिनं फळ्यावर 'माझा मित्र' लिहिला. घाईत होती. अजून तीन निबंध घ्यायचे होते.

"माझ्या मित्राचे नाव अमुक आहे. तो माझ्याच वयाचा आहे. तो माझ्या घराजवळ राहतो. आम्ही दोघे मिळून शाळेत जातो. त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे. तो धावण्याच्या शर्यतीत नेहमी पहिला येतो. तो कधीही खोटे बोलत नाही. असा मित्र सर्वांना मिळो."

"हाच आला तर हाच लिहायचा," ती म्हणाली. "एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. आपलं डोकं लावायला गेलात की चुका होतात."

पाणीवाल्यांना 'अमुक' पाहून जरा नवल वाटलं. बोलताना ते स्वतः दिवसाला दहा वेळा अमुक-तमुक म्हणायचे. पण बोलण्यातलं वेगळं आणि लिहिण्यातलं वेगळं, हे ते आता शिकले होते. बोलताना आपण 'त्याचं नाव' म्हणतो, लिहिताना 'त्याचे नाव' लिहितो. तसं लिहिण्यात मित्राचं नाव अमुक असत असेल. त्यांनी ते मुकाट्यानं उतरवून घेतलं.

संध्याकाळी सून म्हणाली, "मामंजी, उद्या तेवढे घरी थांबा. तुमचं नाव पटावर नाही. साहेबांनी विचारलं तर उगाच काही निघायला नको."

"थांबतो की," ते म्हणाले.

आणि खरंच थांबले. पण ती गडबडीत चष्मा ओट्यावरच विसरून गेली. चष्म्याशिवाय तिला हजेरीसुद्धा घेता यायची नाही. पाणीवाले चष्मा घेऊन धावत निघाले, वर्गाच्या दारात पोहोचले, आणि समोर साहेब उभे.

"कोण आपण?"

सून काही बोलायच्या आत सगळा वर्ग ओरडला, "आमच्याच वर्गातले आहेत."

साहेब ठेंगणे होते, हातात फाइल, खिशाला दोन पेनं. त्यांनी पाणीवाल्यांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "उशीर झाला तुम्हाला. बसा जागेवर." पाणीवाले बसले. सुनेनं चष्मा घातला आणि मग तिला सगळं जास्तच स्पष्ट दिसायला लागलं.

साहेबांनी निबंध सांगितला. 'माझा मित्र.' वर्गभर एक सुखाचा श्वास गेला. सुनेचाही चेहरा उजळला. अर्ध्या तासात कागद गोळा झाले. एकाही मुलानं खाडाखोड केली नव्हती. साहेब खुर्चीत बसून वाचू लागले. पहिला कागद वाचला, खाली ठेवला. दुसरा वाचला. तिसरा वाचताना त्यांनी पुन्हा पहिला उचलून पाहिला.

"बाई, हा अमुक कोण?"

अमुकच्या जागी खरं नाव घाला हे सांगायचं घाईत राहिलं, हे बाईंना आत्ता कळलं.

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या दातपडक्याला उभं केलं. "तुझ्या मित्राचं नाव काय?"

"अमुक."

"कुठं राहतो?"

"माझ्या घराजवळ."

"तू कुठं राहतोस?"

"पुलाच्या अलीकडे."

मग त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीला विचारलं. तिच्या मित्राचं नाव अमुक होतं आणि तोही तिच्या घराजवळच राहायचा. तिचं घर पुलाच्या पलीकडे होतं.

"मग अमुक काय पुलावर राहतो?"

कुणी हसलं नाही. मुलांना काहीतरी चुकलंय एवढं कळत होतं, पण काय ते कळत नव्हतं. पाठ तर नीट केलं होतं. पाणीवाल्यांनी सुनेकडे पाहिलं. तिनं टेबलाची कड धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या खडूचा चुरा खाली पडत होता. कपाटातले ते सगळे कागद त्यांच्या डोळ्यांपुढे आले. त्यांनी पाय आत घेतले आणि उभे राहिले.

"साहेब, अमुक मी."

"तुम्ही?"

"हो. पोरं लाडानं म्हणतात."

"हो साहेब," दातपडका लगेच म्हणाला. या पोरांचं एरवी एका गोष्टीवर एकमत होत नसे, पण त्या दिवशी वर्ग असा एका सुरात आला की काय विचारता.

साहेबांनी कागद हातात धरला. "तो माझ्याच वयाचा आहे."

"वागायला," चष्मेवाली म्हणाली.

"त्याचे अक्षर मोत्यासारखे आहे." साहेबांनी गठ्ठ्यातून पाणीवाल्यांचा कागद शोधून काढला, लांब धरला, जवळ धरला. "हे मोती?"

"मोती लहानमोठे असतात, साहेब," पाणीवाले म्हणाले.

"तो धावण्याच्या शर्यतीत नेहमी पहिला येतो."

"आम्ही येऊ देतो," दातपडका म्हणाला. "नाहीतर ते शर्यत परत घ्या म्हणतात."

"तो कधीही खोटे बोलत नाही." एवढं वाचून साहेब थांबले आणि पाणीवाल्यांकडे बघत राहिले.

"शक्यतो नाही," पाणीवाले म्हणाले.

आता सुनेला राहवेना. "मामंजी, बसा तुम्ही," ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिनं जीभ चावली.

"मामंजी?" साहेब म्हणाले. "हे अमुकचं आडनाव का?"

"नाही साहेब," शिंकऱ्या म्हणून खरं सांगायला फार उत्सुक असलेला एक मुलगा होता, तो म्हणाला. "ते बाईंचे सासरे आहेत. घरी बाई त्यांना घाबरतात, शाळेत ते बाईंना घाबरतात."

साहेबांनी पाणीवाल्यांचा कागद अजून खाली ठेवला नव्हता. "यांनी तर लिहिलंय, माझ्या मित्राचे नाव अमुक आहे. म्हणजे अमुकचा मित्र अमुक."

"दुसरा असेल," दातपडका म्हणाला.

साहेबांनी कागद एकावर एक रचले आणि फाइल उघडली. हसू त्यांच्या मिशीपर्यंत आलं होतं, पण तिथून पुढं आलं नाही. "बाई, मला एकच गोष्ट लिहायची आहे. तुम्ही मुलांना लिहायला शिकवलंत की नाही. आत्तापर्यंत पाहिलं त्यावरून तुम्ही उतरवायला शिकवलंत."

"चूक माझी आहे," सून म्हणाली. "मीच म्हटलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे करायचा नाही. मुलांनी ऐकलं."

"ऐकतात हे दिसलं." साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "तास संपायला वेळ आहे. पुन्हा लिहा. मित्रावरच. अमुक नको. यावरून मी काय ते ठरवतो."

कोरे कागद वाटले गेले. पाणीवाल्यांनी हात वर केला.

"नमुन्याची वाक्यं घेतली तर चालतील?"

"घ्या. पण माणूस खरा पाहिजे."

पाणीवाल्यांनी पहिलं वाक्य नेहमीसारखं सुरू केलं आणि नावापाशी अडले. अडायची सवय होती, पण हे अडणं निराळं होतं. आजवर नमुन्यातलं वाक्य आलं की मागून दुसरं आपणहून यायचं. आता प्रत्येक वाक्य त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं आणि विचारू लागलं. तुझ्याच वयाचा आहे का? घराजवळ राहतो का? अक्षर कसं आहे? त्यांना घाम फुटला. सून खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. आपण नापास झालो तर बायको चार दिवस बोलेल आणि गप्प होईल. पण आपल्या कागदामुळे हिची जागा गेली तर? त्यांनी डोळे मिटले आणि ज्याच्याबद्दल कधी कुणी विचारलं नव्हतं अशा एका माणसाला आठवू लागले.

साहेबांनी या वेळी कागद एकेक करून मोठ्यानं वाचले. दातपडक्यानं लिहिलं होतं की त्याचा मित्र चष्मेवाली आहे, पण हे तिला सांगू नये. ते आता तिला कळलं. तिनं लिहिलं होतं की तिचा मित्र तिचा मामा आहे आणि तो नेहमी खोटं बोलतो, पण मजेचं. एका मुलीनं लिहिलं होतं की तिला मित्र नाही, शाळा बदलल्यामुळे, आणि शोधते आहे. शिंकऱ्यानं लिहिलं होतं, माझ्या मित्राचे नाव तमुक आहे.

सुनेनं डोळे मिटून घेतले. साहेबांनी तो कागद बाजूला ठेवला.

शेवटी पाणीवाल्यांचा कागद आला. वेलांट्या चुकल्या होत्या, ओळी उतारावर निघाल्या होत्या. साहेबांना तो हळू वाचावा लागला.

"माझ्या मित्राचे नाव पंपवाला आहे. त्याचे दुसरे नाव आहे, पण ते त्याच्या घरचे म्हणतात. तो माझ्याच वयाचा असावा. तो माझ्या घराजवळ राहत नाही. तो खाली पंपावर आणि मी वर टेकडीवरच्या टाकीवर. मधे पाइप होता. टाकी भरली की मी पाइपावर पाना दोनदा मारत असे. तो पंप बंद करून एकदा मारत असे. म्हणजे कळले. घरी जाताना तो उगाच परत एकदा मारत असे. मी पण मारत असे. त्याचे अक्षर कसे आहे मला माहीत नाही. तेव्हा मला वाचता येत नव्हते. तो शर्यतीत धावत नाही, त्याचा एक पाय आखूड आहे. तो एकदा खोटे बोलला. मी तापाने पडलो होतो तेव्हा मी कामावर आहे असे त्याने सांगितले आणि स्वतः वर येऊन माझी चाके फिरवली. टेकडी मोठी आहे. असा मित्र सर्वांना मिळतो असे नाही."

शिंकऱ्यासुद्धा शिंकला नाही.

साहेबांनी विचारलं, "दोनदा का मारायचा पाना? एकदा मारून चाललं नसतं?"

"एकदा पाइप आपणहून वाजतो, साहेब. उन्हानं."

"मग तो एकदा मारायचा ते कसं कळायचं?"

"त्याचं कळायचं," पाणीवाले म्हणाले.

साहेबांनी मान हलवली, खिशातलं दुसरं पेन काढलं आणि फाइलमध्ये बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते सांगितलं नाही. जाताना फक्त दारात थांबून म्हणाले, "बाई, मलाही नमुन्यावरूनच शिकवलं होतं. माझ्या नमुन्यात मित्राचं नाव 'क्ष' होतं. मी वर्षभर तसा मुलगा शोधत होतो."

त्या संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सुनेनं ताटं वाढली. पाणीवाले खाली मान घालून जेवले.

"परीक्षा सुनेची आणि तोंड उतरलंय सासऱ्याचं," बायको म्हणाली. "तिनं थांबा म्हटलं होतं ना?"

"चष्मा राहिला होता."

"मग दारात देऊन यायचं. आत बसून अमुक व्हायला कुणी सांगितलं होतं?"

"सासूबाई, असू दे," सून म्हणाली. "त्यांनी ते माझ्यासाठी केलं." आणि थोडं थांबून म्हणाली, "पण मामंजी, ते मोत्यांचं अगदीच होतं."

तेव्हा कुठं पाणीवाल्यांनी दुसरी पोळी घेतली.

महिन्याभरानं मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. शेरा आला होता. मुलांना लिहिता येतं, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पुढं एक सूचना होती: नमुना जरूर दाखवावा, मात्र मुले लिहायला बसण्यापूर्वी फळा पुसावा. चिटणीसांच्या भाचीला दुसऱ्या शाळेत पाठवलं गेलं. सून कायम झाली. धाकटीच्या लग्नात तिनं नवी साडी घेतली आणि सासऱ्याला नवं पेन. ते लग्न या वेळी मोडलं नाही.

पुढच्या वर्षी तिनं 'माझा मित्र' शिकवायला घेतला तेव्हा फळ्यावर जुना नमुना लिहिला नाही. पाणीवाल्यांचा निबंध लिहिला, वेलांट्या सुधारून. मुलांना तो फार आवडला. तिनं फळा स्वच्छ पुसला आणि म्हणाली, आता तुमच्या खऱ्या मित्राबद्दल लिहा. संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा घेऊन ती घरी आली आणि तो सासऱ्यापुढे ठेवला. पाणीवाले आता बरं वाचायचे. त्यांनी एक वही वाचली, दुसरी वाचली. निम्म्या वर्गाचे मित्र पंपावर कामाला होते आणि सगळ्यांचा एक पाय आखूड होता. एकाच्या मित्राचे तर दोन्ही पाय आखूड होते.

"फळा पुसला होता ना?" त्यांनी विचारलं.

"पुसला होता हो मामंजी. त्यांनी त्याआधीच पाठ केला."

"आणि बाकीचा निम्मा वर्ग?"

"त्यांनी स्वतःचं लिहिलंय."

"मागच्या खेपेला सगळा वर्ग अमुकमागे गेला होता," पाणीवाले म्हणाले, आणि बाकीच्या निम्म्या वह्या त्यांनी जवळ ओढून घेतल्या.

पंपवाला त्याच वर्षी थंडीत गेला, छातीच्या दुखण्यानं. पाणीवाले त्यानंतर सात वर्षांनी गेले, सुनेच्या थोरल्या मुलाला नोकरी लागली त्या वर्षी, जून महिन्यात, सकाळी.